अर्धी गोळी

डॉक्टर म्हणाले, शिकरणात कालवा, कळणार नाही त्यांना.
द्वारका सर्कलजवळच्या त्या दवाखान्यात
पंख्याखाली कागद फडफडत होता,
‘नातेवाईकाची सही’पुढे मोकळी रेघ.
वामनभाऊजी बाकावर बसून
माझ्या पिशवीची चेन उघडत होते, लावत होते.
सगळं त्यांच्याबद्दलच चाललं होतं.
त्यांना कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

आम्ही तांबट आळीतले.
आळीतले ठोके संध्याकाळी थांबतात,
भाऊजींच्या हातात चालू राहतात,
पातेल्यावर, पाटावर, पहाटे तीनला भिंतीवर.
पलीकडे खैरनारांचं तान्हं बाळ.
चैत्रात एकदा हाताऐवजी कपाळ आपटलं,
चुन्यावर रक्ताचा डाग उमटला.
हेही सांगायला हवं.

म्हणून खलबत्ता. म्हणून केळं, दूध,
चमचाभर जास्तीची साखर.
एकवीस दिवस.
घर इतकं शांत, की
नळाचं पाणी येऊन गेलेलं कळेना.
ते सांगायचे ना,
बादली वाजवत, ‘गंगा आली, गंगा आली’.

पहिला घास वहिनीला,
ही त्यांची सवय, मी माप ओलांडून आले तेव्हापासूनची.
ते एकवीस दिवस मला उपास होता.
कुठल्या देवाचा, विचारू नका.
बाविसाव्या दिवशी चमचा माझ्या ओठांशी धरून
जड जिभेनं म्हणाले,
‘वहिनी, उपासाला केळं चालतं.’

अख्खी वाटी मी खाल्ली.
दुपारी दूध उतू गेलं, गॅस विझला,
मी समोर उभी राहून बघत होते.
ह्यांनी हाक मारली
ती विहिरीच्या काठावरून आल्यासारखी,
आणि मी तळाशी.

आता गोळी तळहातावर ठेवते, उघडी.
सांगते, ही डोकं आपटू नये म्हणून.
हिनं झोप येईल. ठोकेही जातील थोडे.
सोमवारी फेकली.
मंगळवारी फेकली, मोरीत सापडली.
बुधवारी शर्टाच्या खिशात घालून बटण लावलं.
हे चिडतात, त्याला काय कळतंय?
मला तरी कुठे.

रात्री भिंतीला उशी लावून बसते,
उशीवर माझा हात, हातावर त्यांचं कपाळ.
बोटं सुजलीत. भाकरी थापताना दुखतात.
बाळ उठलंय. खैरनारांकडे दिवा लागला.
विचारते, भाऊजी, आता घ्यायची?
ते खिसा चाचपतात.
‘सात,’ म्हणतात.
मग बऱ्याच वेळानं, ‘आठ.’