डावा दिवा

आठवडाभर मी ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढते.
चारही कोपरे, चासी नंबर, मीटरवरचे किलोमीटर,
चेमटलेल्या पत्र्याला सहा इंची पट्टी टेकवून.
कंपनीला हळहळ नको असते, मिलिमीटर लागतात.

शुक्रवारी मस्कत दुपारपर्यंत लोळत पडतं,
तेव्हा मी बातिनाच्या रस्त्याला लागते.
बरका, मुसन्ना, मग सुवेकच्या अलीकडे डावीकडे वळून
जिथे विहिरींत समुद्र शिरला
आणि खजुरांची मुंडकी एकेक करून गळाली.
उरलेत नुसते बुंधे,
तारा काढून नेलेल्या खांबांसारखे.

त्यांच्यात ती उभी असतात.
बेडफर्डचा एक टँकर, टाकीत मधमाश्या.
कडबा कापायचं यंत्र, दातांत अजून कडबा.
चाकं नसलेली पिकअप, मागच्या हौद्यात
कुणीतरी कधीतरी लावलेली पुदिन्याची कुंडी.
मला इथे पट्टी लागत नाही.
उलट मी श्वास धरते, गुडघ्यावर बसते,
आणि चांगला उजेड येईतो शेळ्यांशी बोलते, मराठीत.

आजचा ट्रॅक्टर तांबडा होता म्हणे.
उन्हाने त्याला आधी गुलाबी केलं, मग धुतलेली गेरू.
स्टेअरिंगचं रबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलेलं,
सीटच्या स्प्रिंगांत वाळकी बाभळीची शेंग.
डावा दिवा फुटलेला, उजवा शाबूत.
आणि क्लचच्या पेडलवर
तांब्याच्या तारेचे सात वेढे देऊन बांधलेला
एक लाकडी ठोकळा.

असं काही दिसलं की माझ्यातली सर्व्हेअर जागी होते.
पट्टी काढलीच. साडेतीन इंच.

"इन्शुरन्स?"
मागे एक म्हातारा, हातात थर्मास.
मुसब्बह अल मकबाली, नाव सावकाश सांगितलं,
मी लिहून घेणार आहे असं समजून.
नाही बाबा, हौस आहे, मी हिंदीत म्हटलं.
हौस हा शब्द त्याला पटला नाही.
त्याने कावा ओतला.

ठोकळा बोरीचा होता.
झुवेनाचा पाय पोचायचा नाही, म्हणून.
तो पहाटे तारल्यांना होडी काढायचा,
आणि ती रात्री लसूणघासाचं रान नांगरायची,
बायकांनी ट्रॅक्टर चालवावा असे दिवस नव्हते ते.
दिव्यांवर फडकी बांधून, अर्ध्या उजेडात.
"गाव म्हणायचं, मुसब्बह झोपतच नाही!
मी घोरत असायचो."
मशिदीत त्याला पुढची जागा मिळू लागली,
कष्टाळू माणूस म्हणून.
ती त्याने नाकारली नाही, हेही सांगितलं.

मी विचारायला कचरत होते
आणि ते त्याला कळलं बहुतेक.
हनुवटीने त्याने घराकडे खूण केली:
घरी आहे. गुडघे गेलेत. टीव्ही बघते.
मग स्वतःच फोन लावला.
पलीकडून एकदम मोठा आवाज, मला शब्द कळेनात,
फक्त "इन्शुरन्स" दोनदा ऐकू आला
आणि त्यानंतर एक बरीच लांब शांतता.

मुसब्बह बॉनेटवर हात टेकून हसायला लागला.
खोकला, पुन्हा हसला, डोळे पुसले
डोक्याच्या फेट्याच्या टोकाने.
डावा दिवा बकऱ्याने फोडला,
तीस वर्षं हेच सांगत आली होती.
त्या बकऱ्याला त्याने ईदच्या आधीच विकलं होतं, रागाने,
अर्ध्या किमतीत.
आज कंपनीची बाई आली म्हटल्यावर
घाबरून खरं बोलली.

संध्याकाळी खोलीवर फोटो उतरवले.
सवयीने फॉर्म उघडला, कुणी मागितला नसताना.
वाहन: ट्रॅक्टर. रंग: ठरवता येत नाही.
नुकसान: पुढचा डावा दिवा.
कारण: खजुराच्या झाडाला धडक, मध्यरात्रीनंतर,
वेग कमी, फडकं घट्ट.
चालक: झुवेना.
बकऱ्याचा दोष आढळला नाही.