सुटे भाग : काही नाही

उणे एकतीस. व्हॅनचं दार दोनदा ओढावं लागलं.
थंडर बेला जानेवारीत लोखंडही कुरकुरतं.
इर्या हालोनेनबाईंच्या पायरीवर मीठ टाकलेलं होतं,
म्हणजे वाट बघत होत्या.

"ओव्हन तापतो, मग अकरा मिनिटांनी
आपला आपणच बंद पडतो, आणि हे येतं."
पाकिटाच्या पाठीवर टिपून ठेवलेलं : एफ वीस.
खाली दोन रेघा, शाळेतल्या बाईंनी
चूक दाखवावी तशा.
ओट्यावर फडक्याखाली पुल्लाची कणीक,
वेलदोड्याच्या वासाची,
फुगून, कंटाळून, पुन्हा खाली बसलेली.

म्हटलं, हा पंखा कुणाला दिसत नाही.
शिजवत नाही, उजेड देत नाही,
नुसती बोर्डाच्या अंगावरची धग बाहेर ढकलतो.
तो फिरला नाही की बोर्ड घाबरतो
आणि सगळं घर उपाशी ठेवतो.
"असा एक माणूस आमच्याकडे होता," त्या म्हणाल्या.
कोण, ते सांगितलं नाही.

तळघरात जाऊन वीज तोडली. रेंज पुढे ओढली.
मागे एक सुकलेला बटाटा, पिवळी पेन्सिल.
सहा स्क्रू सरळ निघाले. सातव्याला
तेल पाजून थांबावं लागलं.

माझ्या हाताखालची पोरं इथेच घाई करतात :
पंखा फिरत नाही ना, मग मोटर गेली,
मागवा नवी, दोनशे ऐंशी डॉलर,
वर नऊ दिवसांची वाट.
मी आधी विचारतो.
मल्टिमीटर लावून गुंडाळीला विचारलं, तुटलीस का?
सदतीस ओहम. नाही तुटलेली.
कनेक्टरचे दात स्वच्छ.
क्षणभर वीज जोडून पाहिली, एकशे एकोणीस व्होल्ट.
बोर्ड शब्द पाळत होता.
सगळं धड,
आणि पातं जागच्या जागी गुरगुरत होतं.

वीज तोडली. पात्याला बोट लावलं.
अर्धा इंच सरकलं, अडलं.
टॉर्च दातांत धरून वाकलो
तर दांड्याभोवती लोकर.
निळी. दोरखंडासारखी पिळलेली,
मध्ये उंदराच्या घरट्याचा कापूस
आणि सूर्यफुलाच्या दोन बिया.
चिमट्याने ओढत गेलो, ती येतच राहिली,
वीतभर, हातभर, त्याहून जास्त.

बाई खुर्चीत बसल्या.
"ही लोकर लेम्पीनं नेली होती."

चिमटा थांबला.
लेम्पी, नवऱ्याची बहीण. चार गल्ल्या पलीकडे.
एका गुंड्यापायी तीन हिवाळे अबोला,
चर्चमध्ये बाक वेगळे,
कुणाच्या मयतीला कॉफीच्या रांगेत
पाठीला पाठ.
मी काय बोलणार? मी रेंजचा माणूस.
"उंदरानं नेली," म्हटलं.
"उंदराचं नाव लेम्पी नसतं," त्या म्हणाल्या
आणि तोंड फिरवलं.
हसल्या की काय, कळलं नाही.

दांड्यावर तेलाचे दोन थेंब.
उंदराच्या वाटेत तारेची घासणी कोंबली.
पॅनेल, सहा स्क्रू, तो सातवा.
ओव्हन एकशे नव्वदवर. अकरा मिनिटं.
बारा. तेरा.
मग बटण बंद केलं, तरी पंखा फिरतच राहिला.
"पुन्हा बिघडला?"
"नाही. आग गेली तरी आत धग राहते.
ती निघेपर्यंत हा थांबत नाही."
"किती वेळ?"
"वीस मिनिटं. कधी जास्त."
त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

बिल लिहिलं : येणं-जाणं, पाऊण तास मजुरी.
सुटे भाग : काही नाही.
बूट चढवतो आहे तोवर
त्यांनी ती निळी गुंतवळ जॅमच्या बरणीत भरली,
झाकण घट्ट लावलं, खुंटीवरचा कोट काढला.
"तुमची व्हॅन कुठल्या बाजूला जाते?"

मला बंदराकडे जायचं होतं, नेमकं उलट.
शेजारच्या सीटवरची हत्यारांची पेटी
मी उचलून मागे टाकली.