आठवी सुई

होफूफच्या दवाखान्यात बुधवार हा जखमांचा दिवस.
इराप्पा कोनाळे, निलंग्याकडचा, खजुराच्या बागेत कामाला,
टोपी काढून बसतो, डावा गाल माझ्याकडे करून.
गालावर रुपयाएवढा खड्डा,
कडा उचललेल्या, मधे ओली खपली.
दुखत नाही, हीच त्याची तक्रार.
दुखलं असतं तर आधीच आलो असतो, म्हणतो.

माशी त्याला आठवत नाही.
आठवण्यासारखी नसतेच ती: तांदळाच्या कणीहून लहान,
पंखांना आवाज नाही,
दिवेलागणीला उंदरांच्या बिळातून निघते
आणि गच्चीवर उघड्या अंगानं झोपलेल्यांची
ओळीनं हजेरी घेते.

तिचं देणं मी काचेवर पाहिलंय.
जांभळ्या रंगात पेशी, पेशीत ते दाटीवाटीनं,
प्रत्येकात एक ठिपका आणि एक बारीकशी रेघ,
कुणी अर्धवट सोडलेलं अक्षर जसं.
बारा जणांच्या खोलीत बावीस माणसं कोंबावीत तसे.
(इराप्पाला हे सांगितलं तर म्हणाला,
आमच्या खोलीत सव्वीस आहेत.)

बाटलीवर लिहिलंय: पंचसंयुजी अँटिमनी.
मी त्याला म्हणते, सुरमा.
सुरम्याच्या दगडातला धातू, नीट बांधून पाण्यात विरघळवलेला.
"डोळ्यात घालायचा तो?"
तोच. मुरूडला अब्बा जुम्म्याला घालायचे,
सळई बाहीला पुसायचे,
आणि ती बाही धुताना अम्मी दर शनिवारी बोलायची.
डाग कधीच निघाला नाही.

आधी कंबरेत देत होतो, रोज.
बाराव्या दिवशी त्याच्या हृदयाची रेघ लांबली.
डॉक्टर घस्साननी कागद खिडकीशी धरला,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
धातूला काय, माणूस कुठला नि किडा कुठला;
ते मोजणं आमच्याकडे.
तेव्हापासून फक्त गालात, आठवड्याला एक.

कड धरते. सुई तिरपी.
औषध आत शिरतं तशी कातडी पांढरी पडत जाते
आणि इतके दिवस मुकी असलेली जखम
एकदम बोलायला लागते.
इराप्पा कानडीत शिवी देतो, मराठीत माफी मागतो.
मग माझ्या छातीवरची पट्टी वाचत:
"कँपवरचा मुकादम पगार कापतो,
इथली मुकादम सुया टोचते."

"सिस्टर, हा धातू अंगात राहतो का?"
थोडा. काही महिने.
"मग विमानतळावर वाजेन मी?"
मी हसते. सुई पिवळ्या डब्यात.

मुलीला व्हिडिओवर तो उजवाच गाल दाखवतो,
मागे खजुराचे घड येतील असा फोन धरून.
निघताना आरशापाशी थांबतो,
बोट डोळ्याच्या कडेला नेतो, गालाला लावत नाही.

टेबलावर पिशवी विसरून गेलाय. मुद्दाम.
खलास जातीचे खजूर.
इथं तो शब्द गोड आहे.