हाताचा वेग

केसाहून पातळ सर्किट, वर सिलिकॉनचा मऊ शिक्का.
झटक्यात उचलला तर चिकटून येतं,
सावकाश सोडला तर उतरतं, राहतं.
डिंक नाही, खळ नाही.

आज चौदा फाटली.
सर म्हणाले, हवा दमट.
रत्नागिरीत कोरडी असते कधी?

पंधरावं उतरलं मेहरुन्निसा होडेकरच्या मनगटावर.
मिरकरवाड्यात पहाटेपासून सुरमई कापणारा हात.
कोयती फिरली, कातडी मुडपली, सर्किट मुडपलं,
पडद्यावर नाडी चालूच.
"खवलं चिकटलंय जसं," म्हणत
तिनं नखानं टोकरून पाहिलं.

ताटावरची आंबापोळी सोडवताना
आई म्हणायची, सावकाश गो.
मी देवबाग सोडलं
सुटत्या एसटीमागे पळत.
वाळू, रापणीची हाक, सगळं चिकटून आलं.

उतरवायला लागतो तेवढा संथ हात
अजून जमलेला नाही.