राहून गेलं

पुन्ता अरेनासच्या धक्क्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये
आम्ही फेरीबोटी दुरुस्त करायचो.
वारा असा, की दार उघडायला दोघं लागत
आणि लावायला तिघं.

त्या शेडमध्ये कुणीच काही करत नसे.
नळी फुटायची. बोल्ट ढिला राहायचा.
तेल सांडायचं, आपलं आपण,
आणि दुसऱ्या दिवशी वहीत कुणीतरी लिहायचं :
राहून गेलं.
खुंटीवरच्या डगल्यांसारखी वाक्यं,
आत माणूस नसलेली.

मग एका जूनमध्ये, भर हिवाळ्यात,
रॅम्प कोसळला लोकरीच्या गासड्यांवर.
ट्रकवाला नुकताच मागे सरकला होता,
वाऱ्याला पाठ करून सिगारेट पेटवायला.
एका काडीचं अंतर.

सान्तियागोहून दोन माणसं आली, पातळ बूट घालून.
मान्सिया म्हणाला, पिन बसवायची राहून गेली.
मी म्हणालो, हो, राहून गेली असणार.
त्यांनी लिहून घेतलं.

इर्मा ओयार्सुन, आमची फोरमन,
शेगडीवर हात शेकत होती.
पिनचं मला माहीत नाही, ती म्हणाली.
सही मी केली. न बघता.
भाचीचा वाढदिवस होता,
केकवाला सातला बंद करतो.
ही बघा सही. किती वळणदार आलीये.

कुणी हसलं नाही.
तिचा बोनस गेला. तीन महिने
ती स्टोअरमध्ये नट मोजत बसली,
आणि तेसुद्धा चोख मोजले.

कंपनीने एक पोस्टर पाठवलं :
बर्फाचा डोंगर, खाली जाड अक्षरांत ‘जबाबदारी’.
आठवड्याभरात ते धगीने गुंडाळलं गेलं.
नाही.
मीच ते शेगडीच्या फार जवळ लावलं होतं.

मान्सियाला वेळ लागला.
ऑगस्टात कधीतरी वहीत त्याचं अक्षर दिसलं :
गाळणी उलटी बसवली. मी.
‘मी’वरून पेन दोनदा फिरवलेलं.
कुणी काही बोललं नाही.
आम्ही गाळणी काढली, सुलटी बसवली.

माझ्यावर आलं ते सप्टेंबरात.
रात्री पाने पुसून लावताना
सतरा नंबरची जागा रिकामी.
बोट सामुद्रधुनीत, पोर्वेनिरच्या अर्ध्या वाटेवर.
रेडिओ उचलला. जीभ सवयीने वळली :
इंजिनाशी एक पाना राहून...
पलीकडे नुसती खरखर.
मी विसरलोय, म्हणालो. मी. मागे फिरा.

कप्तानाने माझ्या आईचा उद्धार केला.
चाळीस माणसं परत आली, कातावलेली,
एक पोर ओकून ओकून मलूल झालेलं.
त्याच्या बापाने माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं.

इर्मा शाब्बास म्हणाली नाही.
नंबर कुठला?
सतरा.
लिही.

पेन चालेना, थंडीने शाई आखडलेली.
तिने ते काढून घेतलं,
काखेत धरून जरा ऊब दिली
आणि परत माझ्या हातात ठेवलं.