प्रश्न चौदा

तुर्भे स्टोअरच्या तिसऱ्या गल्लीत
दरवाढीच्या सातव्या महिन्यात
मी बसलेय हौसा निकाळजेच्या उंबऱ्यावर, मांडीवर फॉर्म.
ती लसूण सोलतेय. किलोमागे किती सुटतात
हे मी विचारत नाही. फॉर्मात नाही ते.

प्रश्न चौदा:
क्वार्टर वीस रुपयांनी महागल्यापासून घरातलं पिणं
वाढलं, घटलं की तेवढंच?

"घटलं," ती म्हणते. मी खूण करणार, तेवढ्यात
"सोमवार ते बुधवार."
गुरुवारी मार्केटात हजेरीचे पैसे सुटतात.
मग तो आणि गाळ्यावरचा जोडीदार, दोघांत एक,
बाटलीला काडेपेटीची काडी लावून मापतात.
"एवढा काटेकोर संसारात कधी झाला नाही बघा."
ती हसते, मीही हसते.
हसण्याला रकाना नाही.

"आणि दूध? अर्ध्याचं पाव झालंय ना?"
"झालंय की. पण ते आधीच झालेलं.
दूधपण महागलं ना बाई,
त्याचं पाप दारूच्या माथी कशाला?"

वाशीच्या रुग्णालयात
पिवळ्या डोळ्यांचे पेशंट गेल्या वर्षी या महिन्यात अकरा,
यंदा नऊ.
साहेब म्हणतात, दोनानं काही सिद्ध होत नाही.
खरंय.
त्या दोघांना गाठून विचारता आलं असतं,
पण जे आलेच नाहीत
त्यांचे पत्ते कुठल्या रजिस्टरात असतात?

रात्री खाडीकडून निळा ड्रम येतो म्हणतात,
तिवरांच्या आडून.
त्याचा भाव विचारला
की अख्खी गल्ली बहिरी होते.

मी उठते, चपला शोधते.
हौसाचा सतरा वर्षांचा प्रज्वल आत येतो, पाणी पितो, जातो.
ती आवाज खाली घेऊन सांगते,
"परवा याच्या मित्राचा वाढदिवस होता.
पोरांनी पहिल्यांदाच आणायची म्हणून वर्गणी काढली.
पुरली नाही.
मग वडापाव खाल्ले, कोल्ड्रिंक प्याले,
अन् दहाच्या आत घरी."

वाढलं, घटलं, तेवढंच.
जे सुरूच झालं नाही, त्याला कुठली खूण?
मी समासात पेनानं लिहिते: वर्गणी पुरली नाही.
ऑफिसात एंट्री करणारी मुलगी समास वाचत नाही,
ठाऊक आहे मला.
तरी दोनदा गिरवते.

आमच्या दादांच्या वेळी
पुरायची.