चार नंबरचा स्टँड

जालन्याच्या एमआयडीसीत, रात्रपाळी चालू असताना
अझहरनं मिलच्या पत्र्याला मोबाइल लावून धरला तो आवाज:
लाल सळई रोलमध्ये शिरताना
ठण्ण, घर्रर्र, आणि मध्येच एक खुडुक.
त्यावर गिटार चढवली, माझा घसा चढवला.
चार मिनिटांचं गाणं. ऐकलं सदुसष्ट जणांनी,
त्यातले निम्मे आम्हीच.

मग कुणीतरी उचललं ते.
आधी एका मालिकेत, खलनायक जीपमधून उतरताना.
मग इलायचीच्या जाहिरातीत, जी इलायचीची नसते.
कबड्डीच्या प्रोमोत.
भोकरदन नाक्यावर डीजेपुढं पोरं नाचायली,
आम्ही तिथंच उभे, भजे खात,
कुणी ओळखलं नाही.
पैशात एक अॅम्प आला, उरले ते अझहरच्या बहिणीच्या फीला.

लिंबाजीमामाला ऐकवायचं राहिलं होतं.
एकोणीस वर्षं त्याच मिलवर; कान केव्हाच गेलेले.
टीव्हीत खलनायक उतरला.
मामानं पंजा स्पीकरवर ठेवला,
तापल्या लेकराच्या पोटावर ठेवतात तसा.
डोळे मिटले.
आम्ही त्याच्या तोंडाकडं बघायलो.

"चार नंबरच्या स्टँडचं बेअरिंग गेलंय,"
तो ओरडला, बहिरे ओरडतात तसा,
"कामून सांगितलं नाही रे कुणी फिटरला?"